हृदयविकार : गुण आणि चित्र

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गुण आणि विद्यार्थी यांचे नाते काय वर्णावे! पाटीवर मिळालेल्या पहिल्या 'दहापैकी आठ'पासून नागपूर विद्यापीठाच्या गुणपत्रिकेपर्यंत आपले आयुष्य गुण मोजण्यातच जाते. परंतु छातीत कळ येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या माणसालाही डॉक्टर गुण देत असतात, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. या परीक्षेचा न्याय मात्र उलटा आहे. येथे जितके गुण अधिक, तितकी परिस्थिती कठीण. आणि शून्य गुण मिळवणारा सर्वांत सुखी.

हे गुण कशासाठी देतात, ते कोणी ठरवले, हृदयाच्या रोहिणींचे जे चित्र काढतात त्याच्याशी त्यांचा मेळ कितपत बसतो आणि तिरोड्यासारख्या गावातल्या माणसाला या परीक्षेत न्याय मिळतो काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही. पण आकड्यांमागची रीत आणि तिच्यातली गोम समजून घेण्यास डॉक्टरच असावे लागते असेही नाही.

प्रथम रोगाकडे वळू. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके तो देतो. गंमत अशी की, त्याच्या पोटातून सतत रक्त वाहत असले तरी त्यातले रक्त त्याला स्वतःसाठी थेट घेता येत नाही. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' म्हणतात तशी ही अवस्था! त्याचे पोषण होते ते महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन लहान रोहिणींमधून. त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. डावी लगेच दोन मोठ्या शाखांत विभागते, म्हणून व्यवहारात डॉक्टर 'तीन नसा' असा हिशेब करतात. आपल्याकडे पाटाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. पाट वरच्या अंगाला बुजला की खालचे धान वाळते. हृदयाचेही तसेच आहे. कोणती नस आणि ती किती वर बुजली, यावर नुकसान अवलंबून असते.

बुजण्याची क्रिया मात्र पाटात गाळ साचावा तशी संथ नसते, आणि हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे. रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षे स्निग्ध पदार्थ साचून एक फुगवटी तयार होते. तिच्यावर पातळ आवरण असते. एखाद्या दिवशी ते आवरण फाटते. शरीराला वाटते की जखम झाली. रक्तातील कणिका तेथे धावून येतात आणि पाहता पाहता गुठळी होते. गुठळीने नस पूर्ण बंद झाली तर त्या भागातील स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. असे असले की ई.सी.जी.च्या आलेखावर एक विशिष्ट रेषा वर उचललेली दिसते. नस अर्धवट बंद असेल तर ती रेषा उचलत नाही, कधी खाली दबते, कधी काहीच दाखवीत नाही. मग स्नायू मरतो आहे की नाही हे ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाच्या रक्तचाचणीवरून ठरवतात. ट्रोपोनिन हृदयाच्या पेशीत असते, पेशी दुखावली की रक्तात उतरते. मात्र त्याला काही वेळ लागतो, म्हणून एक चाचणी साफ आली तरी काही तासांत दुसरी करावी लागते.

पहिल्या प्रकारात, म्हणजे रेषा उचललेली असताना, नस उघडावी की नाही यासाठी गुणांची बेरीज करीत बसत नाहीत. घर पेटल्यावर कोणी वारा किती वेगाने वाहतो ते मोजत नाही. नस ताबडतोब उघडायची, एवढेच. गुणांचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारात. रुग्ण बोलतो आहे, बसला आहे, कदाचित चहाही मागतो आहे. त्याला आज रात्रीच मोठ्या शहरात न्यावे, की उद्या नेले तरी चालेल, की औषधावर ठेवून घरी पाठवावे?

या प्रश्नाला पूर्वी अनुभवी डॉक्टरांची नजर हे एकच उत्तर होते. नजरेला हिशेबाची जोड देण्याचे प्रयत्न १९६७ साली किलिप आणि किंबॉल यांनी केलेल्या वर्गवारीपासून पाहता येतात. फुफ्फुसात पाणी किती उतरले, रक्तदाब कोसळला काय, यांवरून त्यांनी रुग्णांचे चार वर्ग केले. ही वर्गवारी आजही वापरात आहे, कारण तिला स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचे यंत्र एवढेच पुरते.

२००० साली अमेरिकेतील अँटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टिमी' नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती प्रसिद्ध केली. तिची रीत आपल्या परीक्षेसारखी सरळ आहे: सात प्रश्न, प्रत्येकी एक गुण. वय ६५ किंवा अधिक आहे काय? रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि कुटुंबातील हृदयविकार या पाचांपैकी निदान तीन गोष्टी आहेत काय? हृद्‌रोहिणी निम्मी किंवा अधिक अरुंद असल्याचे पूर्वीच ठाऊक आहे काय? गेल्या सात दिवसांत ॲस्पिरिन घेतली आहे काय? चोवीस तासांत दोनदा किंवा अधिक वेळा छातीत दुखले काय? ई.सी.जी.ची रेषा सरकली आहे काय? रक्तचाचणीत हृदयस्नायूला इजा झाल्याचे दिसते काय?

ॲस्पिरिनचा प्रश्न पाहून मी चक्रावले होते. औषध घेणाऱ्याला धोक्याचा गुण कसा? कारण असे की, ॲस्पिरिन घेत असूनही ज्याच्या नसेत गुठळी झाली त्याचा रोग जास्त चिवट समजायचा. तर्क बरोबर आहे.

हे प्रश्न कोणाच्या लहरीने ठरले नाहीत. १,९५७ रुग्णांच्या नोंदी तपासून, कोणत्या गोष्टी असलेल्यांचे पुढे वाईट झाले हे संख्याशास्त्राने शोधले आणि बाकीच्या गाळून सात ठेवल्या. नंतर दुसऱ्या रुग्णांवर त्यांची पडताळणी केली. निष्कर्ष असा की, शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी १४ दिवसांत मृत्यू, नवा झटका किंवा तातडीने नस उघडावी लागणे यांपैकी काही ना काही ४.७ टक्के रुग्णांना झाले. दोन गुणांना हे प्रमाण ८.३ टक्के, तीन गुणांना १३.२, चारांना १९.९, पाचांना २६.२ आणि सहा-सात गुणांना ४०.९ टक्के. पायऱ्या कशा एकावर एक चढल्या आहेत पाहा!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ४०.९ टक्के हे शंभर माणसांच्या जमावाविषयीचे विधान आहे. समोरच्या खाटेवरचा एकटा माणूस ४०.९ टक्के मरत नाही. तो जगतो किंवा जात असतो. तर्कशास्त्राच्या तासाला सामान्य आणि विशेष विधानांतला भेद आपण पाठ करतो, तो येथे जिवावरचा होतो.

दुसरी पद्धती 'ग्रेस' या नावाची. १४ देशांतील ११,३८९ रुग्णांच्या नोंदींवरून ती तयार झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आठ गोष्टी मोजतात: वय, नाडीचा वेग, वरचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, किलिपचा वर्ग, येताना हृदय थांबले होते काय, ई.सी.जी.तील बदल आणि रक्तचाचणी. सर्वांना सारखे गुण नाहीत. चाळिशीतल्या रुग्णाला वयाचे २५ गुण, तर साठीतल्याला ५८. बेरीज १४० च्या वर गेली की धोका मोठा समजतात आणि चोवीस तासांच्या आत रोहिणीचे चित्र काढण्याचा विचार करतात. नेदरलँड्समध्ये निघालेली 'हार्ट' नावाची तिसरी एक पद्धती आहे, २००८ सालची. रुग्णाची हकिगत, ई.सी.जी., वय, धोक्याची कारणे आणि ट्रोपोनिन या पाचांना शून्य ते दोन गुण. शून्य ते तीन बेरीज आली तर रुग्णाला बहुधा सुरक्षितपणे घरी पाठवता येते.

आता चित्राकडे.

जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालता येते हे प्रथम दाखवले ते वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने, १९२९ साली, आणि तेही स्वतःवर! वय अवघे २५. दंडाच्या शिरेतून रबरी नळी सरकवत त्याने ती हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्याबद्दल त्याला प्रथम बोलणी खावी लागली आणि १९५६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स हे एका रुग्णाच्या महारोहिणीचे चित्र घेत असताना नळीचे टोक चुकून हृद्‌रोहिणीत शिरले आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य तिच्यात गेले. असे झाले तर माणूस जागीच जाईल अशी तोवरची समजूत. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबलेही. सोन्स यांनी त्याला खोकायला लावले आणि ते पुन्हा सुरू झाले. त्या चुकीतून अँजिओग्राफीचा जन्म झाला. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी त्याच वाटेने लहानसा फुगा नेऊन अरुंद नस आतून फुगवली. ती पहिली अँजिओप्लास्टी. पुढे फुग्याबरोबर धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले.

आज अँजिओग्राफीत मनगटाच्या किंवा जांघेच्या रोहिणीतून बारीक नळी घालतात. रुग्ण जागा असतो. फक्त टोचण्याची जागा बधिर करतात. आयोडीनयुक्त द्रव्य सोडले की हृदयावर नसांचे झाड उमटते, पानगळ झालेल्या सागासारखे. जेथे नस अरुंद तेथे फांदी बारीक दिसते. 'सत्तर टक्के ब्लॉक' हा शब्दप्रयोग आपण गावात ऐकतो तो येथून आलेला. हे टक्के व्यासाचे असतात. व्यास निम्मा झाला म्हणजे वाट निम्मी उरली असे पुष्कळांना वाटते. परंतु वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालते, म्हणून पन्नास टक्के ब्लॉक म्हणजे वाट चतुर्थांशच उरली. दहावीच्या भूमितीचा असाही उपयोग होतो.

चित्र पाहिले की शंका फिटते, असे आपल्याला वाटते. डोळ्यांनी पाहिलेल्यावर आपला विश्वास फार. पण अँजिओग्राफी नस दाखवीत नाही. नसेतली पोकळी दाखवते. पाटातले पाणी दिसते, पाटाच्या काठात घुशींनी केलेली बिळे दिसत नाहीत. भिंतीत फुगवटी वाढली तरी सुरुवातीला नस बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट तेवढीच राहते. ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली ही गोष्ट दाखवून दिली. शिवाय पुष्कळ झटके मोठ्या ब्लॉकच्या जागी न येता, आधी निम्म्याहूनही कमी अरुंद असलेल्या जागी आवरण फाटल्याने येतात. म्हणूनच, 'दोन वर्षांपूर्वी अँजिओग्राफी केली होती, तीस टक्केच निघाले होते,' असे सांगणाऱ्याचेही दुखणे गंभीरपणे घ्यावे लागते. आणखी एक प्रकार आहे: झटका आलेल्या शंभरातील पाच ते दहा जणांच्या चित्रात मोठा अडथळा सापडतच नाही. यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. चित्र स्वच्छ आले म्हणून त्या बाईला काही झालेच नव्हते, असे समजणे चूक होय. मुळात स्त्रिया अशा वेळी छातीतली कळ सांगण्याऐवजी धाप, मळमळ, पाठदुखी, थकवा असे काही सांगण्याचा संभव अधिक. आणि रोवणीच्या दिवसांत पाठ कोणाची दुखत नाही?

चित्रालाही पुढे गुण द्यावे लागले, हे विशेष. २००५ सालच्या 'सिंटॅक्स' पद्धतीत किती नसा, कोठे, फाट्यावर की सरळ भागात, किती लांब, चुना साचलेला की नाही, हे सर्व मोजून बेरीज करतात. २२ पर्यंत सौम्य, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून पुढे गुंतागुंतीचे. त्यावरून स्टेंट घालावा की बायपास शस्त्रक्रिया करावी याचा विचार होतो.

मग खाटेजवळ बसून काढलेले गुण आणि नळी घालून काढलेले चित्र, यांचा मेळ बसतो काय? अनेक ठिकाणी पडताळा घेतला गेला आहे. साधारण उत्तर असे की, बसतो, पण पूर्ण नाही. गुण जास्त असतील तर तीनही नसा किंवा डावी मुख्य नस रोगट असण्याचा संभव वाढतो. तरीही कमी गुणांचा एखादा रुग्ण वाईट चित्र घेऊन येतो आणि जास्त गुणांच्या एखाद्याचे चित्र बरे निघते. मला यात नवल वाटत नाही. गुण विचारतात, या माणसाचे पुढे काय होईल? चित्र सांगते, आज नळात काय आहे? हे दोन प्रश्न एक नव्हेत. नस तितकीच अरुंद असली तरी मूत्रपिंड खचलेल्या ७५ वर्षांच्या वृद्धाचे आणि धडधाकट तरुणाचे भवितव्य वेगळे असणारच.

येथवर सर्व ठीक. आता मला खटकलेली गोष्ट सांगते.

दोन माणसे कल्पावीत. एक नागपुरातील निवृत्त कारकून, वय ६७. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची फाईल तयार. रोज ॲस्पिरिन घेतो. तीन वर्षांपूर्वी अँजिओग्राफीत एक नस साठ टक्के अरुंद निघाली होती. दुसरा आपल्या तालुक्यातील शेतकरी, वय ४८. बिडी ओढतो, खर्रा खातो. रक्तदाब कधी मोजलेला नाही, साखर तपासलेली नाही, कोलेस्टेरॉल हा शब्द रेडिओवर ऐकलेला. दोघांच्या छातीत सारखीच कळ आली, ई.सी.जी.त सारखाच बदल, ट्रोपोनिन दोघांचे वाढलेले. टिमी पद्धतीने कारकुनाला सहा गुण, शेतकऱ्याला दोन. एकाचा धोका ४०.९ टक्क्यांच्या गटात, दुसऱ्याचा ८.३ च्या.

कारकुनाचा धोका जास्त असेलही. पण शेतकऱ्याचे चार गुण कोठे गेले? वयाचा एक गुण सोडा. बाकीचे तीन त्याला मिळाले नाहीत ते रोग नाही म्हणून, की तपासलेच नाही म्हणून? मधुमेह असेल; ठाऊक नाही. नस अरुंद असेल, कोणी पाहिली? ॲस्पिरिन घेत नाही, कारण लिहून देणारा भेटला नाही. म्हणजे ज्याच्यापर्यंत डॉक्टर कधी पोचलाच नाही, तो कागदावर निरोगी ठरतो. 'माहीत नाही' आणि 'नाही' यांना येथे एकच शून्य मिळते. कुटुंबातील हृदयविकाराचा प्रश्नही असाच. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आमच्या मागच्या पिढ्यांत कोण कशाने गेले याचा एकही कागद नाही. पणजोबा 'शेतातून आले, पाणी मागितले आणि गेले' एवढाच इतिहास. हा हृदयविकार धरावा की न धरावा?

खर्र्याचे पाहा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ आपल्या झाडीपट्टीत किती खपतो हे मी सांगायला नको. आपल्या वर्गांच्या भिंतीच साक्ष देतील. टिमीच्या प्रश्नात धूम्रपान आहे, चघळण्याचा तंबाखू नाही. वास्तविक ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला होता. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आहे, इतर जगात ते सुमारे ५९. ज्या देशांत ही गुणपद्धती घडली तेथे ६५ वर्षांची रेघ योग्य असेल. आपल्याकडे त्या रेघेच्या अलीकडेच पुष्कळांची गाडी येऊन गेलेली असते. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गाठले आणि त्यांनी त्यावर लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक घरोघर वाचले गेले. ज्यांनी शेकडो हृदयांवर शस्त्रक्रिया केल्या ते मुंबईचे डॉ. नीतू मांडके २००३ साली हृदयविकाराच्याच झटक्याने गेले. तेही ६५ च्या पुष्कळ अलीकडे.

ग्रेस पद्धतीत हा दोष बराच कमी आहे, आणि म्हणून मला ती आपल्याला जवळची वाटते. ती जुने कागद मागत नाही. आज, या क्षणी नाडी, रक्तदाब, फुफ्फुस, मूत्रपिंड काय सांगतात ते विचारते. शरीर गरीब-श्रीमंत असा भेद करून खोटे बोलत नाही. वयाचे माप मात्र तिच्यातही जड आहे. ते चुकीचे नाही, कारण म्हातारे हृदय खरोखरच लवकर हार मानते. पण ४८ वर्षांचा कर्ता माणूस गेला तर त्याच्यामागे किती वर्षे आणि किती तोंडे उरतात, हे कोणत्याच बेरजेत येत नाही. समंजस डॉक्टर म्हणूनच गुणांना साक्षीदार मानतात, न्यायाधीश नव्हे. ट्रोपोनिन वाढलेले असले की इतर गुण कमी असले तरी धोका मोठा धरण्याची रीत आता रूढ झाली आहे, आणि आपल्या शेतकऱ्याला तारणारी तीच.

आता अंतर. तिरोड्याहून गोंदिया तीसेक किलोमीटर, नागपूर शंभर-सव्वाशे. नस पूर्ण बंद झाली असेल आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टीच्या टेबलावर पोचता येत असेल, तर तोच उत्तम उपाय. पोचता येत नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच देऊन मग रुग्णाला पुढे पाठवावे आणि साधारण २ ते २४ तासांत चित्र काढावे, असा आजचा संकेत आहे. हे इंजेक्शन म्हणजे दुय्यम, गरिबांचा उपाय असे कोणी समजू नये. १७,१८७ रुग्णांवरील १९८८ सालच्या एका मोठ्या प्रयोगात स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शंभरी ८ दगावले. दोन्ही न मिळालेल्यांपैकी १३. यातली ॲस्पिरिन ही काही पैशांची गोळी!

पण इंजेक्शनही वेळेवर पोचले तर. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद २००८ साली 'क्रिएट' या नावाने प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मधला काळ होता ३६० मिनिटे. सहा तास! स्नायू मिनिटांच्या हिशेबाने मरत असताना आपण तासांच्या हिशेबाने निघतो. हे तास कोठे जातात ते आपण सर्व जाणतो. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा, ओवा, लिंबू. मग छाती चोळणे. मग गाडी कोणाची, पैसे किती न्यायचे, सोबत कोण. त्याच नोंदीत गरिबांचा तीस दिवसांतला मृत्यू शंभरी ८.२ आणि श्रीमंतांचा ५.५ निघाला. दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले. गरिबाचे हृदय वेगळे नव्हते. त्याला मिळालेले औषध वेगळे होते.

यावर इलाज निघू शकतो हे तमिळनाडूने दाखवले. तेथे लहान रुग्णालये आऱ्यांसारखी आणि अँजिओप्लास्टीची केंद्रे तुंब्यासारखी जोडून, रुग्ण कोठे, केव्हा आणि काय देऊन पाठवायचा याची शिस्त बसवली. २,४२० रुग्णांच्या त्या प्रयोगात अँजिओग्राफी झालेल्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ६०.८ वर गेले आणि वर्षभरातील मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. नवे औषध शोधले नव्हते. जे होते तेच वेळेवर पोचवले.

खर्चाची बाजू थोडक्यात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. त्यापूर्वी दुसऱ्याला लाखाच्या वर मोजावे लागत. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव असलेली जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र मात्र जवळ हवे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक २०१४ पासून आहे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी शोधण्यात जाणारा वेळ यातून वाचतो, शिवाय वाटेत हृदय थांबले तर सोबत हाताळणारा असतो.

खाटेजवळ विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र घरच्यांनाच द्यावी लागतात, आणि ती देणारा बहुधा आपल्यातलाच कोणी तरी शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते. दुखणे किती वाजता सुरू झाले. चोवीस तासांत कितीदा आले. कोणती गोळी, केव्हा दिली. बिडीबरोबर खर्राही सांगावा, विचारला नाही तरी. साखर किंवा रक्तदाब कधीच तपासला नसेल तर 'नाही' असे म्हणू नये, 'तपासले नाही' असे म्हणावे. आणि तिरोड्यात किंवा गोंदियात काढलेला पहिला ई.सी.जी. घडी घालून रुग्णाच्या सोबत द्यावा, त्यावर वेळ लिहिलेली आहे ना ते पाहून; कारण नागपूरला पोचेपर्यंत ती रेषा कधी कधी खाली बसलेली असते, आणि ती केव्हा उचलली होती हे सांगणारा तेवढा एकच कागद असतो.